सहाची बस

"मॅडम, आमचे सासरे रोज पहाटे उठून कंपनीच्या बसस्टॉपवर जाऊन उभे राहतात. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. दिवसभर कंपनीच्याच गोष्टी. त्यांना विसरण्याचा आजार तर नसेल ना?"

फोनवरची सून रडवेली झाली होती. गेल्या दहा-बारा वर्षांत हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याबद्दल सविस्तर लिहावं असं फार दिवस मनात होतं. या कुटुंबाने परवानगी दिली म्हणून त्यांचीच गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कंपनीचं नाव तर मी त्यांनाही कधी विचारलं नाही.

मी चिंचवडला समुपदेशन करते आणि याच शहरात वाढले. माझे वडील भोसरीत फिटर होते. त्यामुळे अण्णा (घरात सगळे त्यांना हेच म्हणतात) पहिल्यांदा समोर येऊन बसले तेव्हा त्यांच्या उजव्या हाताची बोटं बघूनच मला कळलं की हा माणूस यंत्रावर काम केलेला आहे. तर्जनीच्या पेराशी बारीक पांढरे व्रण होते. लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापायच्या यंत्रावर, निघणारी धातूची पत्र्यासारखी धारदार चिप्स हाताने ओढू नये हे सगळ्यांना शिकवलेलं असतं, आणि तरीही सगळे ती कधी ना कधी ओढतातच.

अण्णा माण तालुक्यातले. 1972 च्या दुष्काळात सोळा वर्षांचे होते. आईबरोबर खडी फोडायला जायचे, दुपारी सुकडी मिळायची, घरी लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या भाकरी. दोन वर्षांनी चुलतमामाने त्यांना इकडे आणलं. औंधच्या आयटीआयमध्ये टर्नरचा, म्हणजे लेथ चालवण्याचा ट्रेड, मग अप्रेंटिस, मग कायम. त्या काळचं पिंपरी-चिंचवड म्हणजे गावं आणि कारखाने यांच्या मधलंच काहीतरी. 1954 साली पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना आला, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, पाठोपाठ मोठ्या वाहनकंपन्या आल्या, 1970 मध्ये नगरपालिका, 1972 मध्ये नवनगर विकास प्राधिकरण, आणि 1982 मध्ये महापालिका. साताऱ्याहून, सोलापूरहून, मराठवाड्यातून, खानदेशातून पोरं येत होती. एका खोलीत सहा-सहा जण राहायचे. तीन पाळ्यांमुळे सहा जणांना तीन गाद्या पुरायच्या.

हे सगळं अण्णा मला पहिल्याच भेटीत सांगत होते. मुलगा शेजारी बसला होता, हिंजवडीला आयटीत आहे. तो मोबाइलकडे बघत होता.

आधी आजाराची शंका. ती हसण्यावारी नेऊ नये. स्मृतिभ्रंशात जुन्या आठवणी बरेचदा टिकून राहतात आणि कालचं पुसलं जातं, त्यामुळे "यांना चाळीस वर्षांपूर्वीचं सगळं आठवतं, म्हणजे स्मरणशक्ती ठणठणीत आहे" हा घरच्यांचा निष्कर्ष चुकू शकतो. म्हणून मी वेगळ्या गोष्टी बघते. माणूस ओळखीच्या रस्त्यावर चुकतो का? तीच गोष्ट दहा मिनिटांत पुन्हा सांगतो आणि मघाशी सांगितल्याचं त्याच्या ध्यानीमनी नसतं, असं होतं का? पैशांचे व्यवहार गडबडले आहेत का? विनाकारण संशय घेतो का? अण्णा पेन्शनचा हिशेब स्वतः ठेवत होते, सकाळच्या जेवणात काय होतं ते सांगत होते, घड्याळाचं चित्र काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं अचूक दाखवत होते. तरी फॅमिली डॉक्टरांकडे पाठवून बी12, थायरॉइड आणि कानांची तपासणी करायला सांगितली. वृद्धांमधलं नैराश्य ओळखण्यासाठी पंधरा प्रश्नांची एक चाचणी असते, तीही घेतली. उदासी होती, पण आजार म्हणावा इतकी नाही. (जेवण सुटलं, झोप पार उडाली, "मी आता ओझं झालोय" अशी भाषा सुरू झाली, तर मात्र वाट बघू नका, मनोविकारतज्ज्ञांना गाठा. 14416 हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं.)

मग मी बसस्टॉपचं विचारलं.

"मला काय कळत नाही का, बस येणार नाही ते?" अण्णा म्हणाले. "कंपनीच पाडली की. टॉवर उभे राहतायत तिथं. पण पस्तीस-चाळीस वर्षं सहाच्या बसनं गेलोय. सहा वाजता मी घरात करू काय?"

यात मला आजार दिसला नाही. एका माणसाचा दिवस जिथून सुरू व्हायचा ती जागाच गेली होती.

आता माझी चूक सांगते. मी त्यांना हास्यक्लब सुचवला. ज्येष्ठ नागरिक संघ, बागेत चालणं, नातवाला शाळेत सोडणं. पुस्तकात असतं तसं सगळं. अण्णांनी तीन आठवडे इमानेइतबारे केलं, कारण सांगितलेलं काम करायची त्यांना सवय आहे. चौथ्या आठवड्यात म्हणाले, "मॅडम, तिथं सगळे वेळ घालवायला येतात. मला वेळ घालवायचा नाहीये." मी गप्प झाले. मी त्यांना भूतकाळातून बाहेर ओढायला निघाले होते. तिथे त्यांचं काय आहे, हे मात्र विचारायचं राहूनच गेलं होतं.

जुन्या दिवसांच्या ओढीला वैद्यकात एकेकाळी खरोखरच रोग मानलं जायचं. 1688 मध्ये योहानेस होफर नावाच्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याने घरापासून दूर गेलेल्या स्विस लोकांच्या झुरण्यासाठी 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द घडवला, तो आजाराचं नाव म्हणूनच. आज मानसशास्त्र तसं मानत नाही. माणसाला साधारण दहा ते तिशीपर्यंतच्या आठवणी आयुष्यभर सर्वांत ठळक राहतात, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पहिला पगार, पहिली खोली, पहिले मित्र तेव्हाचेच असतात. आणि 1963 मध्ये रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञाने म्हटलं की म्हातारपणी मागे वळून बघणं हे मनाचं स्वाभाविक काम आहे; माणूस आपल्या आयुष्याचा हिशेब जुळवत असतो. मला बटलरचं पटतं. हिशेब जुळवणाऱ्याला "बंद करा आता ती वही" म्हणणं क्रूरपणाचं आहे, भले आपण ते प्रेमापोटी म्हणत असू.

पुढच्या भेटीला मी अण्णांना एखादी कामाची वस्तू आणायला सांगितली. त्यांनी मखमलीच्या खाचेतला मायक्रोमीटर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं साधन, आणला. स्वतःच्या पैशाने घेतलेला, तेल लावून जपलेला. मी म्हटलं, "काका, मला शिकवा." त्यांनी माझ्या डोक्यावरचा एक गळलेला केस उचलला, फटीत धरला, मागची रॅचेट फिरवली. कट, कट, कट. "तीनदा वाजलं की थांबायचं. हातानं दाबायचं नाही. दाबलंत तर माप तुमच्या जोराचं येतं, केसाचं नाही." सत्तर मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) भरला माझा केस. तो तास कसा गेला कळलं नाही. आवाज बदलला होता, पाठ ताठ झाली होती. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, लेथच्या चकमध्ये कसा बांधायचा, डायल लावून त्याचा फिरकीतला दोष कसा काढायचा, रिजेक्शन आलं तर सुपरवायझरच्या आधी स्वतःलाच कशी लाज वाटायची, फाउंड्रीतल्या (ओतकाम विभागातल्या) दोस्तांना मिळणारा गूळ ते यांच्यासाठी कसा खिशात ठेवायचे.

मुलाने मोबाइल खाली ठेवला होता. पण चेहरा कठीण होता. मी त्याला पुढच्या वेळी एकट्याला बोलावलं.

या कामात मला पुन्हा पुन्हा दिसलेली एक गोष्ट आहे. वडिलांच्या जुन्या गोष्टींचा मुलांना 'कंटाळा' येतो असं मुलं म्हणतात. थोडं खरवडलं की खाली कंटाळा क्वचितच निघतो.

"तुम्हाला सगळं छान वाटलं असेल," तो म्हणाला. "ते सोन्याचे दिवस सांगतात ना, ते माझ्या लहानपणाचे दिवस आहेत. आणि त्यात अण्णा नव्हते. रात्रपाळी असली की दिवसा झोपलेले. एकच खोली आणि स्वयंपाकघर. आई तोंडावर बोट ठेवून उभी. गॅदरिंगला आले नाहीत. दहावीच्या निकालाच्या दिवशी ओव्हरटाइम. दोस्त यांच्यासाठी गूळ खिशात ठेवायचे, हे मला त्या दिवशी कळलं."

तो रडला नाही. मीच पाणी पिऊन घेतलं, कारण माझ्याही घरात ते तोंडावरचं बोट होतं.

मी त्याला अण्णांची बाजू समजावून सांगितली नाही. ती त्याला माहीत होती. दुष्काळ, खडी, गावी पाठवायचे पैसे, दोन बहिणींची लग्नं, सगळं. कारण माहीत असलं म्हणून उणीव भरून निघत नाही. मी एवढंच विचारलं की कंपनीची एखादी आठवण तुझी स्वतःची आहे का?

बराच वेळ गेला. मग म्हणाला, "खंडेनवमी." त्या दिवशी यंत्रांची पूजा असायची आणि घरच्यांना आत सोडायचे. सातेक वर्षांचा होता. सगळीकडे झेंडूचे हार, लेथला हळदकुंकू, कूलंटच्या वासात मिसळलेला उदबत्तीचा वास, हातात पेढा. "एरवी घरी कमी बोलणारे अण्णा. आणि तिथे लोक त्यांच्याकडे काही ना काही विचारायला येत होते. त्यांनी मला उचलून मशिनचा नंबर दाखवला. मला अजून पाठ आहे."

त्यानंतर दोघांना एकत्र बसवून मी दोन कामं दिली. मुलाने दर रविवारी अण्णांना एकच प्रश्न विचारायचा, आणि तो 'कसं' असा विचारायचा: ते कसं करायचे, कोण शिकवायचं, चुकलं तर काय व्हायचं. कंपनी किती भारी होती हे विचारायचं नाही, त्याचं उत्तर रोज मिळतच होतं. आणि अण्णांनीही मुलाला एक प्रश्न विचारायचा, त्याच काळातला, घरातला. या दुसऱ्या भागावर मी अडून बसते. घरचे लोक मला विचारतात, "त्यांच्या गोष्टी ऐकायच्या का?" ऐकायच्या, जरूर ऐकायच्या. पण सांगणाऱ्यानेही त्याच वर्षांची दुसरी बाजू ऐकली पाहिजे, नाहीतर म्हातारा सांगत राहतो आणि घर आतल्या आत मिटत जातं.

इथे एक सावधगिरी. सगळ्यांच्या आठवणी अशा उघडता येत नाहीत. जानेवारी 1982 मध्ये मुंबईत गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि पुष्कळजण परत कधी साच्यावर (मागावर) उभे राहिलेच नाहीत. तशा घरात 'जुने दिवस' म्हणजे जखम असते. इथेही व्हीआरएसच्या (स्वेच्छानिवृत्तीच्या) कागदावर मनाविरुद्ध सही केलेली माणसं माझ्याकडे येतात. त्यांना आधी राग बोलायला जागा लागते, पूजेच्या झेंडूची आठवण नंतर. अण्णा मानाने निवृत्त झाले होते, शाल-श्रीफळ घेऊन. म्हणून हा मार्ग त्यांना चालला.

पहिले दोन रविवार कोरडे गेले. अण्णांना प्रश्नच सुचेना. "अभ्यास नीट करायचास का?" असलं काहीतरी विचारलं आणि मुलगा चिडला. दरम्यान मी ओळखीने त्यांना तळवड्याच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये पाठवून पाहिलं, शिकाऊ मुलांना मोजमाप शिकवायला. तिथे सगळं सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रांवर. मालक आदराने बोलला, चहा दिला. अण्णा दोन दिवस गेले आणि परत आले. तो आठवडा वाईट गेला. हल्ली आठवड्यातून एकदा जातात, जुन्या लेथवर दुरुस्तीचं काम निघालं तर. बाकी दिवस पहाटे सहाला चौकात अजूनही जातात. सुनेला मी म्हटलं, जाऊ द्या. आता तीही कधी कधी चहाचा थर्मास घेऊन सोबत जाते.

शेवटच्या भेटीला मुलाच्या आईही आल्या होत्या. तिन्ही पाळ्यांचं वेळापत्रक त्यांना अण्णांपेक्षा पक्कं पाठ. "पहिलीला साडेचारला डबा. दुसरीला रात्री बारापर्यंत जागायचं. तिसरीला दिवसभर कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही," त्या म्हणाल्या. "मीपण चाकरी केलीय की कंपनीची." अण्णा खाली बघत होते.

मग ते मुलाकडे वळले. प्रश्न तयार करून आले होते, चिठ्ठीवर लिहिलेला.

"माझी रात्रपाळी असली की दिवसा मी खोलीत झोपायचो. तेव्हा तू अभ्यासाला कुठं बसायचास?"

"जिन्यात," मुलगा म्हणाला. "पाढे तिथेच पाठ केले. एकेका पायरीवर एकेक पाढा."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"किती पायऱ्या होत्या?"

"सतरा."