उपयोजित कलेच्या विद्यार्थ्याने कोणत्या डिझायनर आणि दिग्दर्शकांकडून शिकावं? तुमच्या स्वतःच्या कामात कोणाचा प्रभाव आहे?

तुम्ही पहिल्या वर्षाला आहात, असाइनमेंटसाठी नावं हवी आहेत असं लिहिलंय, म्हणून आधी माझी फजिती सांगतो. मीही पहिल्या वर्षी अशीच बारा नावांची यादी दिली होती. त्यातल्या निम्म्या लोकांचं काम मी धड पाहिलंही नव्हतं. सरांनी वही मिटली आणि विचारलं, "यातल्या कोणाचं काय करून पाहिलंस?" माझं तोंड बंद. तेव्हापासून ज्याचं काहीतरी घरी करून पाहिलं आणि बहुतेकदा फसलो, त्याचंच नाव घेतो.

माझं गाव गडचिरोली जिल्ह्यात, वडशाजवळ. कागदोपत्री देसाईगंज, पण आम्ही वडसाच म्हणतो. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या धानाच्या पट्ट्यातल्या, नाटक कंपन्यांची ऑफिसं इथलीच. दिवाळी झाली की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, रात्री नाटक लागतं ते पहाटेपर्यंत चालतं. माझं डिझाइनचं पहिलं शिक्षण म्हणजे त्या नाटकांचे चौकाचौकात बांधलेले बॅनर. लाल जमिनीवर पिवळं नाव, अक्षराला काळी सावली, वर नटनट्यांची मुंडकी दाटीवाटीने. कॉलेजात आल्यावर मला त्याची लाज वाटायला लागली होती, खोटं कशाला बोलू.

ती लाज कमल शेडगे यांच्या कामाने घालवली. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती, त्यातली शीर्षकं. चित्र नाही, फोटो नाही, नुसतं नाटकाचं नाव, पण ते वाचूनच नाटक हसवणार की घाबरवणार ते कळावं. म्हणजे आमचा बॅनरवाला जे दाटीवाटी करून सांगत होता, ते हा माणूस एका वेलांटीत सांगत होता. मी महिनाभर ती अक्षरं ट्रेसिंग पेपरवर गिरवली. र. कृ. जोशींचंही नाव लिहून ठेवा. संगणकावरचा मंगल फॉन्ट त्यांचा, म्हणजे तुम्ही त्यांचं काम नाव माहीत नसताना कितीतरी वर्षं वाचलं असणार.

दुसरे दादासाहेब फाळके. 'राजा हरिश्चंद्र' 1913 चा, तो सगळ्यांना पाठ असतो. मला त्याच्या आधीचं आवडतं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि एकेक फ्रेम घेत त्याची वाढ टिपली. ती छोटीशी फिल्म दाखवून त्यांनी पैसे लावणारा मिळवला. मी दिवाळीच्या सुट्टीत हेच लाखोळीवर केलं. लाखोळी वाटाण्याच्याच भाऊबंदकीतली, आमच्याकडे धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, पेरतात. जुन्या डालड्याच्या डब्यात दाणे पेरले, पाटावर फोन टेकवला, सकाळपासून अर्ध्या अर्ध्या तासाने एक, असे दिवसाला चोवीस फोटो. आठव्या दिवशीचा शेवटचा फोटो काढून मी आंघोळीला गेलो आणि कोंबडीने कोंब टोचून खाल्ला. 192 फोटो, सेकंदाला बारा धरले तर सोळा सेकंद. त्यातही उजेड फ्रेमागणिक बदलत होता, त्यामुळे रोप वाढण्यापेक्षा लुकलुकतच जास्त होतं. दुसऱ्यांदा खिडकी पोत्याने झाकली, एकच बल्ब लावला, दार लावून घेतलं. लाईन जायची तेवढे फोटो हुकले, बाकी जमलं.

तिसरं नाव सत्यजित राय यांचं. ते जाहिरात कंपनीत नोकरी करायचे, पुस्तकांची मुखपृष्ठं करायचे, पुढे स्वतःच्या सिनेमांची पोस्टरंही स्वतः केली. म्हणजे तुमच्या प्रश्नातले दोन्ही रकाने एकाच माणसात भरतात. पण मी खरं चोरलं ते त्यांचे कॅमेरामन सुब्रत मित्र यांच्याकडून. 'अपराजितो' (1956) मधलं बनारसच्या घराचं अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारलेलं. वरून येणारा सावलीविना उजेड आणायला त्यांनी वर पांढरं कापड ताणलं आणि दिवे त्या कापडावर मारले.

आमचं घर कवेलूचं, म्हणजे कौलारू, आत दुपारीही अंधार. आजी मोहफुलं निवडताना शूट करायची होती. आबाजीचं धोतर अंगणात उन्हात पसरलं, उजेड उसळून आत आला, पण खालून! आजीने फोनमध्ये पाहिलं आणि म्हणाली, "काहून बाप्पा, माही भुताटकी करतेस का?" नाटकातल्या भुतावर असाच खालून हिरवा दिवा मारतात. मग धोतर उभ्या खाटेवर बांधलं, खाट दाराशी तिरपी केली. गालावरच्या सुरकुत्या एकेक दिसायला लागल्या, तरी चेहरा मऊ राहिला. धोतराला मात्र शेणाचा डाग पडला, त्याबद्दल अजून ऐकतो.

नागराज मंजुळे सगळेच लिहितात, तुम्हीही लिहाल. माझ्यासाठी त्यांचा 'झुंड' महत्त्वाचा, कारण त्यात नागपूरची पोरं त्यांच्याच नागपुरी हिंदीत बोलतात, कोणी त्यांना पुस्तकी हिंदी शिकवलेलं नाही. एक तक्रार मात्र आहे, ती त्यांच्याबद्दल नाही. पडद्यावर विदर्भ म्हटलं की भेगाळलेली जमीन आणि कापूस. आमच्या भागात बोड्या म्हणजे छोटी तळी आहेत, मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत, गुडघाभर चिखलात धानाची रोवणी होते. ते कोणीतरी दाखवा. मी प्रयत्नात आहे.

यंदा गावाकडच्या एका नाटक कंपनीसाठी शीर्षक लिहायला मिळालं. मी शेडगे डोक्यात ठेवून पांढऱ्यावर काळं, एकच अक्षर किंचित कललेलं, असं सुबक करून नेलं. मालकांनी हात लांब करून पाहिलं. म्हणाले, "अक्षर झकास आहे भाऊ. पण रात्री मोटारसायकलवरून जाणाऱ्याला दिसन का?" मी गप्प. जमीन लाल केली, अक्षर पिवळं केलं. कललेलं अक्षर तेवढं त्यांनी राहू दिलं.