लॅममध्ये छातीत पुन्हा पुन्हा दुधाळ पाणी साचतंय, गोळीने ते थांबेल का?

तुमच्या बहिणीला लॅम (लिम्फँजिओलियोमायोमॅटोसिस, म्हणजे फुफ्फुसात आणि लसिकावाहिन्यांत असामान्य पेशी वाढण्याचा दुर्मिळ आजार) आहे, दोनदा सुईने पाणी काढूनही ते परत साचलं, आणि आता डॉक्टर सिरोलिमस सुरू करू म्हणताहेत. गोळीने छातीतलं पाणी कसं थांबणार, हा तुमचा प्रश्न. माझ्या मते डॉक्टरांचा क्रम, म्हणजे आधी गोळी आणि गरज पडली तरच मोठी प्रक्रिया, बरोबर आहे.

ते साधं पाणी नसतं. जेवणातली चरबी आतड्यातून लसिकावाहिन्यांमार्गे (लसिका, म्हणजे लिम्फ हा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांमधून) छातीतल्या मोठ्या नलिकेत येते आणि मानेच्या मुळाशी रक्तात मिसळते. लॅमच्या पेशी या वाहिन्यांच्या भिंतीत वाढून वाट अडवतात, मग चरबीयुक्त लसिका फुफ्फुसाच्या आवरणात गळते. याला कायलोथोरॅक्स म्हणतात. रंगावर जाऊ नका, रुग्ण उपाशी असेल तर पाणी पिवळसरही दिसतं. रिपोर्टमध्ये त्या पाण्यातलं ट्रायग्लिसराइड (चरबीचा एक प्रकार) बघा: ११० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर निदान जवळपास पक्कं, ५० ते ११० असेल तर कायलोमायक्रॉनची (आतड्यातून येणाऱ्या चरबीच्या सूक्ष्म कणांची) तपासणी करून घ्या.

दर वेळी पाण्याबरोबर प्रथिनं, चरबी आणि लिम्फोसाइट पेशीही (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) जातात. वजन उतरतं, संसर्ग लवकर होतो. म्हणून धाप लागली तरच काढावं, आणि एका वेळी साधारण दीड लिटरपेक्षा जास्त नको, कारण दबलेलं फुफ्फुस एकदम फुगलं तर त्यालाच सूज येऊ शकते.

सिरोलिमस गळतीच्या मुळाशी, म्हणजे पेशींची वाढ चालवणाऱ्या एमटॉर मार्गावर काम करतं. सुरुवात बहुधा रोज १ ते २ मिलिग्रॅमने होते. परिणाम दिसायला काही आठवडे, कधी महिने लागतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका. बरं वाटल्यावर बंद केलं तर पाणी परत येऊ शकतं. औषधाची रक्तातली पातळी पुढच्या गोळीच्या अगदी आधी तपासायची. क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनॅझोल आणि ग्रेपफ्रूट यांनी ती वाढते, रिफॅम्पिसिनने कोसळते. तोंडात फोड आणि वाढलेलं कोलेस्टेरॉल नेहमीचं, पण ताप आला तर लगेच कळवा. या औषधावर असताना गर्भधारणा टाळावी लागते, पण इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी लॅममध्ये चालत नाही.

कमी चरबीचा आहार आणि एमसीटी तेल (मध्यम साखळीच्या चरबीचं तेल) यांची मदत होते, कारण ती चरबी लसिकेत न जाता थेट यकृताकडे जाते. नुसत्या आहारावर मात्र विसंबू नका. आवरण चिकटवण्याची प्रक्रिया, म्हणजे प्लुरोडेसिस, औषधाने भागलं नाही तरच. पुढे फुफ्फुस प्रत्यारोपणाची वेळ आली तर त्या चिकटलेल्या जागी रक्तस्राव जास्त होतो.

एका बाजूला अचानक कळ येऊन धाप लागली तर पाणीच वाढलंय असं धरून घरी थांबू नका. लॅममध्ये फुफ्फुस फुटून छातीत हवाही भरते, लगेच एक्स-रे हवा.