युद्धातल्या जीपगाड्या आणि रणगाडे समुद्राच्या पाण्यातून चालत कसे यायचे?

तुमचा प्रश्न असा आहे: नॉर्मंडीच्या (फ्रान्सचा किनारा, जिथे 1944 मध्ये दोस्तांच्या फौजा समुद्रातून उतरल्या) फोटोंत जीपगाड्या बॉनेटपर्यंत पाण्यात दिसतात आणि तरी चालत असतात, मग इंजिनात पाणी कसं शिरायचं नाही? आणि आपल्या जुन्या पेट्रोल जीपला तसं काही करून घेता येईल का?

मी सांगलीत 35 वर्षं जुन्या जीपा उघडतोय आणि जोडतोय. 2019 च्या पुरानंतर तर कित्येक महिने बुडालेल्या गाड्यांशिवाय दुसरं काम नव्हतं. त्यामुळे हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. त्या गाड्यांत पाणी शिरायचं, आणि शिरू द्यायचेच. बॉडी सगळीकडून बंद केली तर गाडी होडीसारखी तरंगायला लागते. 1 घनमीटर पाणी बाजूला सारलं की चाकांवरचा 1 टन भार कमी होतो, आणि जीपचं वजनच मुळात टनाच्या थोडं वर. चाकं जमिनीवरून सुटली की स्टिअरिंग फिरवून काहीही होत नाही. म्हणून ड्रायव्हर कमरेएवढ्या पाण्यात बसून गाडी हाकायचा. कोरड्या ठेवायच्या त्या दोनच गोष्टी, इंजिनाचा श्वास आणि प्लगची ठिणगी. बाकी गाडी बुडाली तरी चालेल.

श्वासाचं काम सोपं. कार्ब्युरेटरला हवा देणारा पाइप वाढवून विंडस्क्रीनच्या उंचीपर्यंत न्यायचा, सायलेन्सरचं तोंड तसंच वर काढायचं. पण इंजिन आणखी बऱ्याच ठिकाणांहून श्वास घेतं आणि तिथेच लोक चुकतात. ऑइलच्या दांडीचं भोक, क्रँककेसचा (इंजिनाच्या खालच्या पेटीचा) ब्रीदर म्हणजे हवा जायची-यायची बारीक वाट, पेट्रोल टाकीच्या झाकणातलं बारीक छिद्र, गिअरबॉक्सचा आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलचा ब्रीदर. तापलेलं हाउसिंग गार पाण्यात गेलं की आतली हवा आक्रसते आणि ब्रीदरमधून पाणी आत ओढून घेते. पुरातल्या गाड्यांच्या क्राऊनमधून (ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्यातून) मी काढलेलं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसायचं, त्याचं कारण हेच.

ठिणगीचं काम किचकट. डेल्को (प्लगांना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर), कॉइल, प्लगच्या टोप्या, वायरींचे सगळे जोड यांच्यावर ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळलेलं घट्ट ग्रीस कणकेसारखं मळून हाताने थापायचे. बोटभर जागा सुटली तरी सगळी मेहनत वाया. (ॲस्बेस्टॉसला आज कोणीही हात लावू नये. ते हातांनी थापणाऱ्या पोरांना त्याचा धोका कोणी सांगितलेला नव्हता.) आणि पंख्याचा पट्टा काढून ठेवायचा, कारण पाण्यात फिरणारा पंखा सगळं पाणी उचलून थेट डेल्कोवर मारतो. माझी स्वतःची जीप एकदा गुडघाभर ओढ्यात मिस मारून बंद पडली ती याच कारणाने. पाणी खोल नव्हतं, पंख्याने ते वर आणलं.

आता खरी मेख बघा. विलीज जीपमध्ये पाण्याचा पंप आणि डायनॅमो त्याच पट्ट्यावर चालतात. पट्टा काढला की इंजिन थंड होणं थांबलं. ब्रीदर बंद केले की आतली वाफ कोंडली. म्हणजे पूर्ण बंदोबस्त केलेली गाडी फार वेळ चालवताच येत नाही, ती स्वतःच्या उष्णतेनेच मरते. म्हणून ब्रिटिश लष्कराने हे काम टप्प्यांत वाटलं होतं. चिकट, वेळखाऊ काम तळावर आधीच उरकायचं, त्यानंतरचं बंदराजवळच्या छावणीत, आणि शेवटची भोकं बुजवायची ती थेट जहाजावर, किनारा जवळ आल्यावर. यामागे यांत्रिक दुरुस्तीची जी शाखा होती ती, रीमी, 1942 मध्ये उभी राहिली. तिच्या लोकांनी डेव्हनमधल्या इन्स्टोच्या किनाऱ्यावर गाड्या पुन्हा पुन्हा पाण्यात घालून ही पद्धत बसवली. मला या कामाचं मोठेपण तोफांपेक्षा जास्त वाटतं. 1944 च्या जूनपर्यंत हजारो गाड्यांवर हातांनी ग्रीस थापलं गेलं होतं.

रणगाड्याचं तत्त्व तेच, आकार मोठा. अमेरिकन शर्मन रणगाड्याच्या मागच्या बाजूला पत्र्याचे दोन उंच धुराडे दिसतात ना, त्यातून हवा आत-बाहेर व्हायची. बुरुज जिथे फिरतो ती फट आणि तोफेची मुळं कापडाने आणि चिकट लेपाने बंद करायची. असा रणगाडा सुमारे 6 फूट पाण्यातून समुद्राच्या तळावरून चालत यायचा.

तळावरून चालत येणं आणि तरंगत येणं यांतला फरक समजायला युद्धातले दोन दिवस बघणं पुरेसं आहे. 19 ऑगस्ट 1942 ला फ्रान्समधल्या दिएपच्या किनाऱ्यावर कॅनडाचे 29 चर्चिल रणगाडे असा बंदोबस्त करून उतरवले. 2 खोल पाण्यात बुडाले, 27 किनाऱ्याला लागले. (पुढे गोट्यांत पट्टे अडकून बरेचसे किनाऱ्यावरच अडले, ती वेगळी शोकांतिका.) 6 जून 1944 ला नॉर्मंडीतल्या ओमाहा किनाऱ्यासमोर अमेरिकेच्या 741 व्या टँक बटालियनने कापडी पडद्यांवर तरंगणारे 29 शर्मन सुमारे 5 किलोमीटर आतून खवळलेल्या समुद्रात सोडले, 27 बुडाले, 2 पोहत पोचले. आकडे तेच, फक्त उलटे. तरंगणारी कल्पना वाईट नव्हती, शांत पाण्यात आणि जवळून सोडल्यावर ती चाललीसुद्धा. पण लाटेला कापड पुरत नाही.

चालत येणाऱ्याला धोका असतो तो पाण्याखालच्या जमिनीचा. नोव्हेंबर 1943 मध्ये पॅसिफिकमधल्या तारावा बेटावर अमेरिकनांच्या स्वतःच्याच बाजूच्या भडिमाराने पडलेल्या खड्ड्यांत शर्मन गडप झाले. खड्डे दाखवायला रणगाड्यांपुढे माणसं पाण्यातून चालत होती आणि गोळ्या खाऊन पडत होती. सप्टेंबर 1945 मध्ये मलायातल्या मोरिबच्या किनाऱ्यावर आपली 25 वी इंडियन डिव्हिजन उतरली, तेव्हा जपानने शरणागती पत्करलेली होती, समोरून गोळी आली नाही. तरीही मऊ गाळात कितीतरी गाड्या रुतल्या आणि बुडाल्या. ग्रीसने गाळावर इलाज होत नाही. अडकलेल्या गाड्या ओढायला ब्रिटिशांनी शर्मनचाच बुरुज काढून, होडीच्या आकाराचं उंच पत्र्याचं कवच चढवून 9 फूट पाण्यात चालणारं वाहन बनवलं होतं, आणि त्याच्या माणसांत साखळी अडकवायला एक पाणबुड्या असायचा.

ड्रायव्हरला शिकवण मोजकीच होती: खालचा गिअर, इंजिन चढ्या आवाजात, मध्ये गिअर बदलायचा नाही, ॲक्सलरेटर सोडायचा नाही. आणि किनाऱ्याला लागलं की लगेच ब्रीदर उघडायचे, पट्टा चढवायचा, पुढच्या थांब्यावर सगळी ऑइलं आणि बेअरिंगचं ग्रीस बदलायचं. हे जो विसरला त्याची गाडी समुद्रातून वाचून रस्त्यावर मेली.

युद्धानंतर हे शहाणपण कारखान्यात गेलं. 1950 च्या एम-38 जीपचं इग्निशन मुळातच सीलबंद आणि 24 व्होल्टचं होतं, तर ब्रिटिशांच्या ऑस्टिन चॅम्पला श्वासाची नळी कायमचीच जोडलेली असे.

आता तुमच्या जीपबद्दल. ब्रीदरना रबरी नळ्या लावून त्या बॉनेटखाली उंच न्या, डेल्कोच्या टोपीला आणि कॉइलच्या जोडांना सिलिकॉन ग्रीस लावा. पावसाळ्यातल्या उथळ, संथ ओढ्यासाठी एवढं बस्स आहे. पण पुलावरून वाहतं पाणी जात असेल तर गाडी घालू नका. वरचा सगळा बंदोबस्त साचलेल्या किंवा संथ पाण्याचा आहे. जोरात वाहतं पाणी गाडीला आडवं ढकलतं आणि इंजिन चालू असतानाच घेऊन जातं. साध्या पाण्यातून गेलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, क्राऊनचा नट थोडा ढिला करून खालून काय येतंय ते बघा. पाणी जड असल्याने तेच आधी बाहेर येतं. ते आलं तर गाडी हलवू नका, आधी ऑइल बदला.