नाट्यशंका : ‘दिरेक्तर’ म्हणजे दिग्दर्शक नव्हे

प्रश्न : आमच्या नाट्यवाचन मंडळासाठी रशियन नट ओलेग तबाकोव्ह यांच्यावर टिपण करते आहे. ते १९७० ते १९७६ मॉस्कोच्या ‘सोव्रेमेन्निक’ थिएटरचे डायरेक्टर होते, असं वाचलं. पण त्या काळातल्या नाटकांवर गालिना वोल्चेक यांचं नाव दिसतं. काय लिहू?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : दोन्ही खरं आहे, घोळ शब्दाचा आहे. रशियन ‘दिरेक्तर’ म्हणजे संस्थेचा कारभार पाहणारा. पैसा, माणसं, इमारत, दौरे ही त्याची कामं. गडकरी रंगायतनला लागणाऱ्या नाटकाच्या जाहिरातीत ‘सूत्रधार’ म्हणून ज्याचं नाव येतं, त्याच्याशी हे काम बरंच जुळतं, फक्त अधिकार त्याहून मोठा. नाटक बसवणारा तो ‘रेझिस्योर’. संस्थेची कलादृष्टी ठरवणारा तिसरा, त्याला आपण कलाप्रमुख म्हणू. सोव्रेमेन्निकचे आधीचे प्रमुख ओलेग येफ्रेमोव्ह १९७० साली मॉस्को आर्ट थिएटरमध्ये गेले, तेव्हा तबाकोव्ह यांनी सोव्रेमेन्निकचा कारभार उचलला. १९७२पासून मुख्य दिग्दर्शक वोल्चेक. त्यांनी बसवलेल्या, गोंचारोव्हच्या कादंबरीवरच्या ‘साधी गोष्ट’मध्ये तबाकोव्ह १९६६ सालीच नायक होते.

म्हणून टिपणात १९७०-७६ समोर ‘संचालक (प्रशासन)’ असं लिहा. २०००पासून २०१८ साली निधन होईपर्यंत मात्र ते चेखव्ह मॉस्को आर्ट थिएटरचे कलाप्रमुख होते, तिथे हाच शब्द हवा. या दोन नोंदी एका ओळीत आल्या की हमखास चूक होते. चित्रपटाच्या श्रेयनामावलीतही जपा : ‘दिरेक्तर कार्तीनी’ म्हणजे निर्मिती व्यवस्थापक, ‘रेझिस्योर-पोस्तानोव्श्चिक’ म्हणजे दिग्दर्शक. ‘ओब्लोमोव्ह’मध्ये तबाकोव्ह नायक आहेत, दिग्दर्शन निकिता मिखाल्कोव्ह यांचं. तबाकोव्ह यांच्या नावापुढे सरसकट ‘नट-दिग्दर्शक’ लिहिलं, तर त्यांचं सर्वांत मोठं काम, संस्था उभी करणं, झाकून जातं.

प्रश्न : तबाकोव्ह यांच्या तळघरातल्या थिएटरची स्थापना कुठे १९७८, कुठे १९८७ दिली आहे. खरी कोणती?
– एक वाचक, वाशी

उत्तर : १९७८ साली पहिला प्रयोग, १९८७ साली अधिकृत थिएटर. १९७४ साली त्यांनी शाळकरी मुलांच्या मोठ्या निवडचाचणीतून नाट्यवर्ग सुरू केला. १९७६पासून नाट्यसंस्थेत रीतसर अभ्यासक्रम घेतला आणि विद्यार्थ्यांना हाताशी धरून चाप्लिगिन रस्त्यावरचं, कोळसा साठवायचं तळघर साफ केलं. प्रयोग गाजले, तरी स्वतंत्र थिएटरचा दर्जा शासनाने दिला नाही. १९८०च्या सुमारास ते काम थांबलं. त्यामुळे तारखेपुढे ‘पहिला प्रयोग’ की ‘मान्यता’ ते लिहाच. मधली सात-आठ वर्षं गाळली, तर १९८७ साली हे थिएटर आयतं उभं राहिलं असं वाटेल, आणि त्या मुलांच्या हातची कोळशाची धूळ टिपणात कुठेच दिसणार नाही.