‘ड्रॅगन’चे जुने अंक जमवताय? आधी हे वाचा

छापील ‘ड्रॅगन’ मासिक आता निघत नाही, म्हणून जुने अंक शोधताय ना? तुमची हळहळ मला कळते. २००७ च्या एप्रिलमध्ये छापील ‘ड्रॅगन’ बंद होणार असं जाहीर झालं, तेव्हा आम्ही ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’वाले, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत साहसं खेळायच्या त्या खेळाचे वेडे, पार हादरलो होतो. १९७६ पासूनचं मासिक, आणि सप्टेंबरात ३५९ व्या अंकावर थांबलं. जोडीचं ‘डंजन’ही त्याच महिन्यात, १५० व्या अंकावर. त्या भरात मी मिळेल तो अंक उचलत सुटलो. खोकं भरलं, खेळात कामी आले चार-पाच. म्हणून अख्खा संच एकदम घेऊ नका.

आधी तुमच्या टेबलावर खेळाच्या नियमांची कुठली आवृत्ती खेळता ते बघा. २७४ व्या अंकापासून, म्हणजे ऑगस्ट २००० पासून, तिसरी आवृत्ती आहे. त्याआधीचे नियम तिथे जसेच्या तसे बसत नाहीत. नुसतं वाचायचं असेल तर १९९९ च्या सीडी-संचात पहिले २५० अंक आहेत.

घेताना दोन गोष्टी:

- मधल्या पानांचा फोटो मागा. नकाशे तिथेच जोडलेले असत, आणि बरेचदा तेच काढून घेतलेले असतात. पिनांभोवती गंजाचा तांबूस डाग दिसला तर भाव कमी करून मागा.
- फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. ती पिवळी पडते, कागदही खाते.

किमती, दुर्मीळ अंक वगैरे नंतर बघू. आधी एकच अंक घ्या, त्यातला एक राक्षस निवडा आणि येत्या शनिवारी खेळात उतरवा. कसा झाला ते नक्की कळवा!