ओल्या भिंतीसाठी कर्ज काढू का?

प्रश्न : नेरूळला वरच्या मजल्यावर राहतो, इमारत १८ वर्षांची. पश्चिमेच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते, कपाटामागे काळी बुरशी धरते. मुलाला दमा आहे. ठेकेदाराने आतून डॅम्पप्रूफ रंग आणि पीव्हीसी पॅनेलचे २.४ लाख सांगितलेत. सोसायटी म्हणते, घरातलं तुमचं तुम्ही बघा. बँकेतली एफडी मोडायची नाही (दरवर्षी १ लाख, १० वर्षं, विसाव्या वर्षी १८.५ लाख, दोन हप्ते झाले, पावती जोडली आहे). पर्सनल लोन घ्यावं की सोनं तारण ठेवावं? मिस्टर ४२ वर्षांचे, एकटे कमावते. घराचं कर्ज ३२ लाख.

उत्तर : ताई, दोन्ही नको. १४ टक्क्यांनी तीन वर्षांचं कर्ज म्हणजे ५५ हजार नुसतं व्याज, आणि पुढच्या जूनमध्ये भिंत पुन्हा ओली. पाणी बाहेरच्या प्लास्टरच्या भेगांतून येत असेल, तर पॅनेल ठोकल्यावर ओल फक्त दिसायची बंद होईल. बुरशी मागे वाढतच राहील, आणि मुलगा त्याच हवेत श्वास घेणार. आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) पावसाच्या पाण्याची गळती थांबवणं सोसायटीचं काम आहे, तेही सोसायटीच्या खर्चाने. फोटोंसह लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दाद मिळाली नाही तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जा. इमारतीला १५ वर्षं उलटलीत, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) व्हायला हवं; ते झालंय का, हेही त्याच अर्जात विचारा. तोवर कपाट भिंतीपासून अर्धा फूट पुढे ओढा. बुरशी कोरडी खरवडू नका, ओल्या फडक्याने पुसा, आणि त्या वेळी मुलाला घराबाहेर पाठवा. रंग दिवाळीनंतर, भिंत पूर्ण सुकल्यावरच.

आता तुम्ही न विचारलेलं. तुमची पावती मोठी करून पाहिली. वर विमा कंपनीचं नाव आहे, खाली ‘प्रीमियम’ लिहिलंय. ही एफडी नाही, पॉलिसी आहे. एफडी करायला बँकेत गेलेल्या माणसाच्या गळ्यात पॉलिसी मारायची, हा प्रकार पाहून दरवेळी संताप येतो.

दहाचे साडेअठरा ऐकायला छान वाटतं, पण वर्षाला जेमतेम ४ टक्के पडतात. पीपीएफ या सरकारी बचत योजनेचा आजचा ७.१ टक्के दर टिकला, तर हेच हप्ते तिथे साडेएकोणतीस लाख होतात. भरलेले दोन लाख बुडाले असं धरून उरलेले आठच मोजा. पॉलिसी तरीही सहा टक्के गाठत नाही. पीपीएफमध्ये त्या आठाचे जवळपास बावीस होतात.

याहून मोठी चिंता पावतीवरच्या विम्याच्या रकमेची आहे : १० लाख. मिस्टरांचं काही बरंवाईट झालं, तर ३२ लाखांतून हे १० वजा जाता २२ लाखांचं कर्ज तुमच्या डोक्यावर आणि घरात पगार नाही. तब्येत ठीक असेल आणि सिगारेट-तंबाखू नसेल, तर १ कोटीचा टर्म प्लॅन (फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) त्यांच्या वयाला वर्षाला साधारण वीस-तीस हजारांत मिळतो. आधी तो घ्या. तो हातात आल्यावरच जुन्या पॉलिसीचा हप्ता थांबवा.

पॉलिसी आवडली नाही तर परत करण्याचे, म्हणजे फ्री-लूकचे, ३० दिवस केव्हाच गेले. कंपनीकडून सरेंडर (पॉलिसी आता मोडली तर किती मिळतील) आणि पेड-अप (हप्ते थांबवून तशीच ठेवली तर शेवटी किती मिळतील), दोन्ही आकडे लेखी मागवा. एफडी सांगून पॉलिसी दिली, अशी तक्रारही सोबत करा. महिन्याभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालांकडे जाता येतं, तिथे फी लागत नाही. बँकेतल्या मॅडम ‘नुकसान होईल’ म्हणतील. ते झालेलंच आहे, तिसरा हप्ता भरून वाढवू नका.