सौदीत सायकियाट्रिक नर्सिंग : संमती नेमकी कुणाची?

प्रश्न : मी सोलापूरची. बी.एस्सी. नर्सिंगनंतर मनोविकार विभागात काम करते आणि आता सौदीला अर्ज करायचा विचार आहे. सीनियर म्हणतात, तिथे पेशंटला कुणी विचारत नाही, सगळं घरचेच ठरवतात. मग इथे शिकलेलं एथिक्स तिथे काय कामाचं?

उत्तर : सीनियरचं म्हणणं अर्धंच खरं आहे. पेशंटसोबत घरचे येतात आणि बहुतेक वेळ तेच बोलतात. पण सौदीत 2014 पासून मानसिक आरोग्याचा स्वतंत्र कायदा आहे, कतारमध्ये 2016 पासून. अमिरातीने 1981चा जुना कायदा बदलून 2023 मध्ये नवा आणला. सज्ञान, निर्णयक्षम बाईची संमती तिचीच लागते, हा नियम सौदीतही आहे. अडतं ते अंमलात.

समजा, बहिणीला घेऊन भाऊ आलाय आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तोच देतोय. त्याला लगेच बाहेर काढलंत तर तो तिला घेऊन उठून जाईल. पाच-दहा मिनिटं त्याचं नीट ऐका. मग 'आता तपासणी' म्हणून तिच्याशी वेगळं बोलणं होऊ द्या. डॉक्टर पुरुष असतील तर तुम्ही खोलीत थांबायचं, कारण परका पुरुष आणि स्त्री बंद खोलीत एकटे असणं तिथे चालत नाही. अरबी येत नसेल तर हॉस्पिटलचा दुभाषी मागा, भावाला दुभाषी करू नका. आत्महत्येचा विचार, घरातली मारहाण त्याच्या तोंडून तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही. शेवटी तिलाच विचारा, 'घरी काय सांगू, काय नको?' उत्तर फाइलमध्ये नोंदवा. आजाराची कुणकुण लागली की धाकट्या बहिणींची लग्नंसुद्धा अडतात. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको, आणि 'आपल्यासारखंच तर आहे' म्हणून गाफील राहण्याचा धोकाही इथेच असतो.

जिन, नजर, करणी या गोष्टी निघतील. वाद घालू नका. राकीकडे (कुराण वाचून उपचार करणाऱ्याकडे) जाता का, तो काय करतो, ते विचारा. कुराणपठण, पठण केलेलं पाणी यांना हरकत नाही. 'गोळ्या बंद करा' असा सल्ला किंवा मारहाण होत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

रमजानची तयारी मात्र महिनाभर आधी सुरू होते. लिथियमवरचा (हे बायपोलर आजारात देतात) पेशंट दिवसभर पाण्याविना राहिला की रक्तातली पातळी चढते : हात थरथरतात, उलट्या होतात, तोल जातो. आजाऱ्याला रोजा सोडायची धार्मिक मुभा आहे. पण घरात एकट्यानेच जेवायचं म्हणजे आजार जाहीर करणं, म्हणून अनेक जण ती घेत नाहीत. मग गुपचूप गोळी तरी चुकते, नाहीतर पाणी. डोस इफ्तारनंतर घेता येईल का, हे डॉक्टरांनी आधी ठरवायचं. लिथियमची पातळी तपासायला रक्ताचा नमुना शेवटच्या डोसनंतर 12 तासांनी घ्यायचा. पेशंटने स्वतःहून वेळा बदलू नयेत, हे तुम्ही बजावायचं.

कागदपत्रांचं थोडक्यात : पदवी, नोंदणी आणि अनुभवाची डेटाफ्लो या कंपनीकडून पडताळणी, मुमारिस प्लस या सौदीच्या आरोग्य परवान्याच्या पोर्टलवर नोंदणी, प्रोमेट्रिक ही संगणकावरची परवाना परीक्षा. एजंट भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे ना, हे पैसे देण्याआधी बघा. अनुभवपत्रात 'मनोविकार विभाग' असा स्पष्ट उल्लेख हवा. नुसतं 'स्टाफ नर्स' लिहिलेलं पत्र असेल तर आत्ताच बदलून घ्या. अरबीची तयारीही आत्तापासून करा, निदान झोप, भूक, भीती, आवाज ऐकू येणं आणि 'जगावंसं वाटत नाही' एवढं तरी कानाला ओळखू यायला हवं.